दगड झालेल्या दाताचा पंचनामा



मागच्या आठवड्यात वर्ग सुटला आणि एक काका मागे थांबले. त्यांच्या हातात मुलाचा मोबाईल होता. त्यावर एक चित्र चालले होते. समुद्रात एक मासा. मासा कसला, डोंगरच तो! त्याने एक जहाज तोंडात धरले आणि काटकीसारखे मोडले. चित्राखाली मराठी अक्षरे होती. काकांनी त्यांवर बोट ठेवले आणि एकेक शब्द लावून आम्हांला वाचून दाखवले, "हा राक्षसी मासा आजही समुद्रात जिवंत आहे."

मग म्हणाले, "गुरुजी, लिहिलंय म्हणजे खरंच असणार, नाही का?"

आम्हांला आनंद झाला आणि काळजीही वाटली. आनंद अशासाठी की काकांनी ते वाक्य स्वतः वाचले. सहा महिन्यांपूर्वी ते अंगठा उठवत होते. काळजी अशासाठी की लिहिलेले आहे म्हणून ते खरे, असे त्यांना वाटले. वाचायला शिकवणे हे आमचे काम. पण वाचलेले पारखायला शिकवले नाही, तर ते काम अर्धेच झाले म्हणायचे.

म्हणून आज त्या माशाचीच हकिकत सांगतो. मासा खोटा नाही, बरं का. असा मासा खरोखर होता. पण त्याला जिवंत पाहिलेला एकही माणूस झाला नाही. तरीही तो केवढा होता, काय खात होता, केव्हा नाहीसा झाला, हे आज बरेचसे सांगता येते. कशावरून? मुख्यतः त्याच्या दातांवरून. आणि त्याने चावलेल्या हाडांवरून.

मुशी आणि महामुशी

कोकणातल्या मंडळींना मुशी काय ते सांगायला नको. शार्क माशाला कोळी बांधव मुशी म्हणतात. लहान जातीला मोरीही म्हणतात. मालवणकडे मोरीचे मटण करतात. ते ज्यांनी खाल्ले असेल त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. त्यात इतर माशांसारखे टोचणारे काटे नसतात.

असे का? घाटावरच्या मंडळींनी आपला कान चाचपून पाहावा. कानाची वरची कड वाकते, पण मोडत नाही. मांसाहून घट्ट आणि हाडाहून मऊ असा तो पदार्थ आहे. त्याला कूर्चा म्हणतात. मुशीचा सगळा सांगाडा असल्या कूर्चेचा असतो. तिच्या अंगात पक्के हाड नाही. पक्के असतात ते तिचे दात.

आज आपण जिची हकिकत सांगतो आहोत ती एक अतिप्रचंड मुशी होती. शास्त्रज्ञ तिला मेगॅलोडॉन म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेवरून केला आहे. त्याचा अर्थ 'मोठा दात'. लुई अगासी नावाच्या स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास हे नाव दिले. नाव जिभेला जड आहे. आपण आपले तिला महामुशी म्हणू.

महामुशी पृथ्वीवर सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी आली आणि सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी संपली. हे आकडे ऐकायला सोपे, पण मनात मावत नाहीत. म्हणून एक युक्ती करू. एका वर्षाला एक सेकंद धरू आणि आजपासून मागे मोजत जाऊ. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. तिथे पोचायला सहा मिनिटेही लागणार नाहीत. महामुशी जिथे संपली तिथे पोचायला मात्र रात्रंदिवस, न झोपता, ४१ दिवस मोजावे लागेल. आणि ती जिथे सुरू झाली तिथे पोचायला जवळजवळ ९ महिने!

जिभेचा दगड

महामुशीचे दात माणसाला फार पूर्वीपासून सापडत आले आहेत. पण ते दात आहेत, हेच कोणाला कळत नव्हते.

युरोप खंडात डोंगरांत, शेतांत, खडकांत तिकोनी, चकचकीत दगड मिळत. काही नखाएवढे, तर काही तळहाताएवढे. लोक त्यांना जिभेचे दगड म्हणत. रोमच्या प्लिनी नावाच्या पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की, हे दगड ग्रहणाच्या रात्री आकाशातून पडतात असे मानतात. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे बेट आहे. तिथले लोक सांगत की, संत पॉलने बेटावरच्या सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभांचे दगड झाले.

सापाची जीभ म्हटल्यावर पुढची गोष्ट ओघानेच आली. हा दगड विष उतरवतो, अशी समजूत झाली. राजेरजवाडे आणि सरदार हे दगड जेवणाच्या मेजावर टांगून ठेवीत. दारूच्या पेल्यात बुडवून घेत. कोणी गळ्यात बांधीत, कोणी उगाळून पोटात घेत. मोठमोठ्या पुस्तकांतही ते छापलेले होते. लिहिलेले होते, म्हणून लोक खरे मानीत होते.

आता हसू नका हं. आपल्याकडेही साप चावला की अजून कोणी मणी शोधतो, कोणी विष ओढणारा दगड जखमेला लावतो. दगड विष ओढत नाही. दवाखान्यातली सर्पदंशाची लसच विष उतरवते. दगडापायी गेलेला एकेक तास माणसाचा जीव घेतो. तेव्हा या जुन्या समजुतीची गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

असो. ही समजूत मोडली कशी ते ऐका.

१६६६ साली, ऑक्टोबर महिन्यात, इटली देशातल्या लिव्होर्नो गावाजवळ कोळ्यांनी एक मोठी शार्क पकडली. तिथल्या अधिपतीने तिचे डोके फ्लॉरेन्स शहरी पाठवायला सांगितले. तिथे नील्स स्टेन्सेन नावाचा डेन्मार्कचा एक तरुण वैद्य होता. त्याला स्टेनो म्हणतात. माणसाचे आणि जनावरांचे शरीर आतून कसे असते, याचा तो अभ्यास करीत असे. डोके त्याच्या हवाली झाले.

स्टेनोने ते नीट चिरून पाहिले. जबडा उघडला. दात पाहिले. पाहतो तो काय, हे तर जिभेचे दगड! तीच तिकोनी ठेवण, तीच कड, तेच मूळ. त्याने दोन्ही शेजारी ठेवून मिळवून पाहिले. सारखेपणा मनात भरला. १६६७ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. फाबिओ कोलोन्ना नावाच्या इटालियन विद्वानाने ५० वर्षे आधी, १६१६ साली, हेच म्हटले होते. पण स्टेनोने पुढचा प्रश्नही विचारला. शार्कचा दात डोंगरातल्या खडकात गेला कसा? त्याचे उत्तर त्याने दिले की, ती जागा पूर्वी पाण्याखाली असली पाहिजे. गाळ बसत गेला. गाळात दात पुरले गेले. गाळाचा खडक झाला.

बघा, मंडळी. शेकडो वर्षे लोक दगड हातात घेऊन फिरले. पण दगड एका हातात आणि शार्कचा दात दुसऱ्या हातात, असे धरून पाहणारा माणूस मिळाला तेव्हा उलगडा झाला. जादू कोणतीच नव्हती. मिळवून पाहणे एवढेच होते.

दातच का उरले?

जनावर मेले की मांस कुजते. कूर्चाही कुजते. म्हणून महामुशीचा अख्खा सांगाडा आजवर कोणाला मिळालेला नाही. दात मात्र कठीण. ते समुद्राच्या तळाशी गाळात पुरले जातात. पाण्यातले क्षार हळूहळू त्यांत मुरतात. घागरीत बरेच दिवस पाणी भरले की आतून पांढरा थर बसतो ना? तेच क्षार. लाखो वर्षे असे मुरत गेले की दाताचा दगड होतो. असल्या दगड झालेल्या अवशेषाला जीवाश्म म्हणतात. गाळ जसा असेल तसा त्याला रंग चढतो. कधी काळा, कधी राखी, कधी तपकिरी.

दात पुष्कळ सापडतात, याचे आणखी एक कारण आहे. आपले दुधाचे दात पडतात आणि एकदाच नवे येतात. मुशीचे तसे नाही. तिच्या जबड्यात दातांच्या ओळींमागे ओळी असतात. पुढचा दात पडला की मागचा पुढे सरकतो. जन्मभर हे चालू. एकेक शार्क आयुष्यात हजारो दात टाकते. म्हणून अंटार्क्टिका सोडून बाकी सर्व खंडांत महामुशीचे दात मिळाले आहेत.

अमेरिकेत मेरीलंड प्रांतात समुद्राच्या कडेला कॅल्व्हर्ट नावाचे कडे आहेत. कडे ढासळतात आणि जुने दात किनाऱ्यावर येऊन पडतात. २०२२ च्या नाताळच्या दिवशी तिथे एका ९ वर्षांच्या मुलीला पाण्यात महामुशीचा दात मिळाला. सुमारे १२ सेंटिमीटरचा! तिने तो जवळच्या संग्रहालयात नेऊन दाखवला. शोध लावायला मोठी पदवी लागते असे नाही. पण ओळखून घ्यायला जाणत्या माणसाकडे जावे लागते. त्या मुलीने ते केले.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असे दात मिळतात का? शार्कचे जुने दात भारतात मिळाले आहेत. गुजरातेत कच्छमध्ये आणि ओडिशात बारीपदा गावाजवळ, समुद्राच्या जुन्या गाळात ते सापडतात. पण आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात शोधू नका. तो कातळ समुद्राचा गाळ नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला आणि थिजला, त्याचा तो बनला आहे.

केवढी होती ती?

महामुशीचा सर्वांत मोठा दात सुमारे १८ सेंटिमीटर भरतो. म्हणजे जवळजवळ वीतभर. आजच्या समुद्रात पांढरी शार्क नावाची मोठी शिकारी शार्क आहे. तिचा दात फार तर ७ सेंटिमीटर. त्यावरून कल्पना करा.

पण एका दातावरून अख्खे जनावर किती लांब, हे ठरवणे सोपे नाही. इथे मोठमोठी माणसेही चुकली. १९०९ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात बॅशफोर्ड डीन या शास्त्रज्ञाने महामुशीचा जबडा तयार करून मांडला. खरे दात, बाकीचा भाग बनवलेला. त्या जबड्यात माणसे बसून फोटो काढीत. त्यावरून जनावर ३० मीटर लांब असावे, असा अंदाज निघाला. पुढे कळले की जबड्याच्या मागच्या बाजूला लहान दात हवे होते, तिथेही मोठेच बसवले होते. त्यामुळे जबडा उगाच मोठा झाला होता. १९७३ साली नवा हिशेब झाला. ३० मीटरचे १३ मीटर झाले!

बेल्जियम देशात अँटवर्पजवळ महामुशीचे सुमारे १४० मणके एकत्र मिळाले आहेत. मुशीचे मणके थोडे टणक असतात, म्हणून कधी कधी टिकतात. २०२२ साली त्या मणक्यांवरून हिशेब मांडला, तो १६ मीटर लांबी आणि ६० टनांच्या वर वजन असा निघाला. मग काही शास्त्रज्ञ म्हणाले की, तिचे अंग पांढऱ्या शार्कसारखे जाड नसावे, सडसडीत असावे. २०२५ साली आणखी एक हिशेब आला. सर्वांत मोठी महामुशी २४ मीटरपर्यंत वाढत असावी, असे त्यात म्हटले आहे. एस.टी.ची गाडी ११ मीटरची धरली, तर १६ मीटर म्हणजे दीड गाडी आणि २४ मीटर म्हणजे दोन गाड्यांहून जास्त.

कोणी म्हणेल, "यांचा रोज वेगळा आकडा! मग विश्वास कोणावर ठेवायचा?" आम्ही उलटे म्हणतो. वाण्याच्या वहीत चूक सापडली आणि त्याने ती खोडून बरोबर रक्कम मांडली, तर त्या वाण्यावर आपला विश्वास वाढतो. जो चूक दाखवूच देत नाही, त्याच्यापासून जपावे. शास्त्राची वही सर्वांपुढे उघडी असते. कोणीही यावे आणि हिशेब तपासावा.

जेवणाचा पंचनामा

आता मुख्य गोष्ट. ती खात काय होती?

रानाच्या कडेला राहणाऱ्या मंडळींना हे लवकर समजेल. सकाळी गोठ्याबाहेर वासरू मेलेले दिसते. वनखात्याचा माणूस पंचनाम्याला येतो. तो काय पाहतो? दाताच्या खुणा कुठे आहेत? गळ्यावर की मागच्या बाजूला? दोन सुळ्यांमध्ये अंतर किती? बिबट्याने वासरू मारले, की आधीच मेलेले खाल्ले? खुणांवरून तो ठरवतो. त्यावर नुकसानभरपाई अवलंबून असते. शास्त्रज्ञांनी अगदी असाच पंचनामा केला. फक्त वासराच्या जागी देवमासा होता, आणि घटना लाखो वर्षांपूर्वीची होती.

पहिला पुरावा हत्याराचा. महामुशीचा दात जाड, तिकोनी आणि रुंद आहे. त्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक दाते आहेत. मासे टोचून धरणाऱ्या शार्कचे दात सुईसारखे लांब असतात. हा दात तसा नाही. हा मांस कापायचा आणि हाडापर्यंत पोचायचा दात आहे. जबड्याचा जोरही तसाच होता. २००८ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. महामुशीच्या चाव्याचा दाब १० ते १८ टनांच्या वजनाएवढा असावा, असे निघाले. मालाने भरलेला ट्रक डोळ्यांपुढे आणा.

दुसरा पुरावा जखमांचा. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात समुद्राजवळ पिस्को नावाचे वाळवंट आहे. आज तिथे वाळू आहे, पूर्वी समुद्र होता. तिथे देवमाशांची आणि सीलची हाडे विखुरलेली मिळतात. सील म्हणजे पाण्यात आणि किनाऱ्यावर राहणारे, अंगावर केस असलेले जनावर. २०१७ साली शास्त्रज्ञांनी इथल्या काही हाडांवरच्या खुणा तपासल्या. खोल ओरखडे होते, आणि त्यांत करवतीच्या दात्यांच्या बारीक रेघाही उमटल्या होत्या. एवढी मोठी आणि दातेरी धार त्या समुद्रात महामुशीचीच. ही हाडे लहान जातीच्या देवमाशांची आणि सीलची होती. म्हणजे ती नेहमीच अजस्र देवमाशांच्या मागे लागत नव्हती. बेताच्या आकाराची चरबीदार जनावरेही तिला चालत होती.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना प्रांतात एक मोठी खाण आहे. तिथे दात असलेल्या एका देवमाशाचा दात मिळाला. त्यावर महामुशीच्या घराण्यातल्या शार्कच्या चाव्याचे ओरखडे आहेत. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. दातावर ओरखडा उठला, म्हणजे चावा तोंडावर बसला. तोंडाशी झोंबाझोंबी झाली असावी, असे त्यावरून वाटते.

पण मघाचा प्रश्न राहिलाच. मारून खाल्ले, की मेलेले खाल्ले? हाडावर नुसती खूण असेल तर हे सांगता येत नाही. मेलेला देवमासा पाण्यावर तरंगत असला, तर त्यालाही शार्क येऊन लचके तोडतात. मग कसे ठरवायचे?

याचे उत्तर एका बरगडीने दिले. त्याच खाणीत ती मिळाली. देवमाशाची बरगडी, ३० ते ४० लाख वर्षांपूर्वीची. तिच्यावर तीन खुणा, एकमेकींपासून सुमारे ६ सेंटिमीटरवर. एका ओळीतल्या तीन दातांच्या त्या खुणा. आणि खुणांच्या भोवती नवे हाड चढलेले! हात मोडला की प्लॅस्टरच्या आत हाड सांधते ना, तसे. मेलेल्याचे हाड सांधत नाही. म्हणजे चावा बसला तेव्हा देवमासा जिवंत होता. चाव्यातून तो निसटला आणि आणखी दोन ते सहा आठवडे जगला. ही चावणारी शार्क महामुशीचे पिल्लू होते की त्या काळची दुसरी मोठी शार्क, हे एवढ्या खुणांवरून ठरत नाही. पण त्या काळच्या मोठ्या शार्क जिवंत देवमाशांवर धावून जात होत्या, हे त्या बरगडीने सिद्ध केले.

किती लाख वर्षांपूर्वी एक देवमासा दुखऱ्या बरगडीने पोहत होता, आणि ते दुखणे आज आपण वाचतो आहोत! आम्हांला तर ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा अंगावर काटा आला होता.

तिसरा पुरावा दाताच्या आतला. आपण जे खातो त्याचा अंश आपल्या हाडादातांत उतरतो. जस्त नावाचा धातू अन्नातून थोडा थोडा दातात जातो. जस्ताचे जड आणि हलके असे प्रकार आहेत. गवत खाणारा, त्याला खाणारा आणि त्यालाही खाणारा, अशी जी साखळी असते, तिच्यात जसजसे वर जावे तसतसे जड जस्त कमी होत जाते. दाताचा कणभर भुगा तपासून हे मोजता येते. २०२५ साली जर्मनीत मिळालेल्या सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या दातांचा असा तपास प्रसिद्ध झाला. महामुशी साखळीच्या वरच्या टोकाला होती, हे दिसले. पण ती फक्त देवमासेच खात होती असे नाही. जे मिळेल ते, लहानमोठे, ती खात होती.

ती खात कशी होती, याचाही अंदाज आहे. २०२२ सालच्या ज्या हिशेबात तिची लांबी १६ मीटर धरली होती, त्यातच तिचा जबडा किती उघडत असेल तेही मोजले. ८ मीटर लांबीचे जनावर ती चारपाच घासांत संपवू शकली असती, असे निघाले. एवढे एकदा पोटात गेले की पुढे बरेच दिवस लांबचा प्रवास करायला ती मोकळी.

आणि पिल्ले? मध्य अमेरिकेत पनामा देशात सुमारे १ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात महामुशीचे लहान लहान दात पुष्कळ मिळाले. २०१० साली शास्त्रज्ञांनी सांगितले की, उथळ पाण्यातली ही जागा पिल्लांची पाळणाघर असावी. उथळ पाण्यात खाऊ भरपूर आणि मोठे शत्रू कमी.

मोठे पोट, मोठी पंचाईत

मग असे बलाढ्य जनावर संपले कसे?

याचे बीज तिच्या अंगातच होते. बहुतेक माशांचे अंग पाण्याइतकेच थंड असते. महामुशीचे तसे नव्हते. २०२३ साली तिच्या दातांचा तपास झाला. तिचे अंग भोवतालच्या पाण्याहून सुमारे ७ अंशांनी गरम असावे, असे निघाले. अंग गरम असले की वेग येतो, थंड पाण्यातही शिकार करता येते. पण चूल पेटती ठेवायची तर सरपण लागते. एवढे मोठे आणि गरम अंग पोसायला रोजचे अन्नही तेवढेच लागणार.

पुढे समुद्र थंड होत गेले. किनाऱ्याजवळची उथळ पाणी कमी झाली. ज्या लहान देवमाशांवर तिचे पोट होते, त्यांच्यातल्या कित्येक जाती उरल्या नाहीत. शिवाय एक वाटेकरी आला. तोच तो, पांढरी शार्क. २०२२ सालच्या जस्ताच्या तपासात दिसले की, महामुशीच्या अखेरच्या काळात दोघींचे खाणे बरेचसे एकच होते. पांढरी शार्क लहान. तिला थोडक्यात भागत होते. महामुशीला भागत नव्हते. यांतले कोणते कारण किती मोठे, यावर अजून चर्चा चालू आहे. पण ताट लहान झाले आणि भूक मोठीच राहिली, एवढे खरे.

मग आजही जिवंत आहे का?

आता काकांच्या वाक्याकडे येऊ. ही अफवा आली कुठून? १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचे इंग्रजी जहाज समुद्राचा अभ्यास करीत जगभर फिरले. पॅसिफिक महासागराच्या खोल तळातून त्यांनी महामुशीचे दात वर काढले. दातांवर मँगॅनीज धातूचा थर बसला होता. १९५९ साली एका शास्त्रज्ञाने त्या थराच्या जाडीवरून हिशेब केला आणि लिहिले की, हे दात ११ हजार ते २४ हजार वर्षांपूर्वीचेच आहेत. झाले! लोक म्हणू लागले की, कालपरवापर्यंत होती, तर आजही असेल. पुढे तो हिशेब चुकीचा ठरला. असा थर सर्वत्र सारख्या वेगाने बसत नाही. त्यावरून वय काढता येत नाही. २०१९ साली शास्त्रज्ञांनी पुष्कळ दातांची आणि खडकांची फेरतपासणी केली. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीनंतरचा खात्रीचा एकही दात त्यांना मिळाला नाही.

आणि तुम्ही स्वतःच विचार करा. एकेक मुशी हजारो दात टाकते, हे आपण मघाशी पाहिले. महामुशी आज असती, तर वीतभर लांबीचे पांढरे, ताजे दात किनाऱ्यांवर, कोळ्यांच्या जाळ्यांत सापडले असते. ताज्या चाव्यांचे देवमासे किनाऱ्याला लागले असते. यांतले काहीच नाही. मग केवळ मोबाईलवर लिहिले म्हणून ती जिवंत कशी होईल?

दुसऱ्या दिवशी आम्ही हे काकांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे वाचून झालं की मग विचारायचं, तुला हे कसं कळलं?"

काकांनी अगदी बरोबर सांगितले. आमच्या एका तासाच्या बोलण्याचा अर्थ त्यांनी एका वाक्यात आणला.

मंडळी, तुम्हांला आता अक्षरे येतात. उद्या तुमच्यापुढे पुष्कळ कागद येतील. सावकाराचा कागद येईल, औषधाची जाहिरात येईल, निवडणुकीचे पत्रक येईल, मोबाईलवरचा निरोप येईल. प्रत्येक ठिकाणी सुबक छापलेली अक्षरे असतील. अक्षरे वाचा. मग त्यांना विचारा, "तुला हे कसं कळलं? पुरावा काय?" जमेल तिथे स्टेनोसारखे दोन गोष्टी शेजारी ठेवून मिळवून पाहा. जमणार नाही तिथे त्या लहान मुलीसारखे जाणत्या माणसाकडे जा. आणि आमच्या बोलण्यालाही हाच नियम लावा. आम्ही चुकलो तर वर्गात उभे राहून सांगा. आम्ही खोडून बरोबर लिहू.

आता पाट्या घ्या. फळ्यावर शब्द लिहिला आहे. सर्वांनी मिळून वाचायचा आणि घरी जाऊन पाच वेळा लिहायचा. शब्द आहे 'पुरावा'.